कचरूचं निवेदन

अर्जुनने पाचव्या कागदाची पहिली ओळही लाल पेन्सिलीने खोडली आणि पाचही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. पाचांची सुरुवात एकच होती : ‘मी एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा असून मला बालपणापासून विज्ञानाची अतोनात आवड आहे.’ पुष्पाने तेवढं ‘मुलगा’ काढून ‘मुलगी’ केलं होतं.

“पुष्पा, तुझे वडील शेती कधीपासून करायला लागले?”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. पुष्पाच्या वडिलांचं भर बाजारात किराण्याचं दुकान होतं.

“हेडसरांनी फळ्यावर लिहून दिलं, सर. तेच उतरवलं.”

“सगळ्यांनी?”

“हाव, सर.”

“गरीब लिवलं की जागा लवकर भेटते म्हणे,” शालिग्राम म्हणाला. “अन् अतोनात हा शब्द बी हेडसरांचाच हाये. आपल्याले कुठून येते?”

अर्जुनलाही हसू आवरलं नाही.

मॅट्रिकचा निकाल लागून आठवडा झाला होता. शाळेला सुट्टी होती, पण विज्ञानाची खोली उघडी असायची, कारण तिची किल्ली अर्जुन इंगळेकडे होती. तो गेल्या वर्षीच बी.एस्सी. होऊन संग्रामपूरच्या हायस्कुलात लागला होता. नागपूरच्या एका सायन्स कॉलेजने या वर्षापासून खेड्यांतल्या पंचवीस विद्यार्थ्यांना वसतिगृहात मोफत जागा द्यायचं ठरवलं होतं. गुण ते पाहणारच होते, पण अर्जासोबत एक निवेदनही हवं होतं : ‘मी कोण, आणि मला विज्ञान का शिकावयाचे आहे.’ तीन पानं, त्याहून जास्त नाही. सोमवारच्या टपालाने अर्ज निघाले नाहीत तर यंदाची संधी गेली.

चौघांचं तसं काही अडणार नव्हतं. कोणाचा मामा अकोल्याला होता, कोणाचा काका खामगावला. अडणार होतं ते एकट्या कचरू ढगेचं. शाळेत सगळ्यांत जास्त गुण त्याला होते, आणि नागपूरची जागा मिळाली नाही तर दुसरी वाट नव्हती. त्याच्या वडिलांनी, किसनरावांनी, तेल्हाऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरांची हजेरी मांडायच्या कामासाठी त्याच्याबद्दल बोलूनही ठेवलं होतं.

अर्जुनने माहितीपत्रक पुष्पापुढे सरकवलं. “नियम वाच. मोठ्याने.”

“निवेदन स्वहस्ताक्षरात असावे. खाडाखोड अथवा शाईचे डाग असलेले निवेदन विचारात घेतले जाणार नाही.”

“ऐकलंत? शालिग्राम, तुझ्या दुसऱ्या पानावर मोराएवढा डाग आहे.”

“मोराएवढा कुठी हाये सर, चिमणीएवढा हाये.”

“चिमणीसुद्धा बसता कामा नये. डाग पडला की पान बदलायचं. कागद मी देतो.”

टेबलाच्या कडेला रॉकेलच्या दिव्यावर एका काचेच्या भांड्यात पाणी आटत होतं. शाळेत स्पिरिटचा दिवा होता, पण स्पिरिट कधी आलंच नव्हतं, त्यामुळे भांड्याचं बूड तव्यासारखं काळं झालं होतं. वर्षभर अर्जुन गावातल्या एकेका विहिरीचं पाणी असं आटवून तळाशी राहिलेलं मीठ तोलत होता. हा सगळा पट्टाच खाऱ्या पाण्याचा. पण कोणती विहीर किती खारी, हे कोणी मोजलेलं नव्हतं. पाण्याला जाणाऱ्या बाया हसायच्या. जिभेवर थेंब घेतला की कळते, त्याच्यासाठी एवढं रॉकेल जाळाचं?

“प्रयोगवहीत आपण काय लिहितो?” अर्जुनने विचारलं.

“साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान,” पाचही जण एका सुरात म्हणाले.

“निरीक्षणाच्या आधी कोणी अनुमान लिहितं का?”

“लिहितो ना सर,” शालिग्राम म्हणाला. “पेपरात उत्तर मालूमच असते.”

“इथं मालूम नाही असं समज. ‘मला विज्ञानाची आवड आहे’ हे झालं अनुमान. ते कोणीही फळ्यावरून उतरवील. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं, ते आधी लिहा. जे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिताच येणार नाही, असं.”

मग पुष्पाला आठवलं की दुकानातल्या गुळाच्या ढेपीला एका ठरावीक महिन्यातच पाणी सुटतं. शालिग्रामला त्याच्या बापाच्या मिरचीतला, पानं आक्रसून जाणारा रोग आठवला. टाक दौतीत बुडू लागले. कचरूचा कागद मात्र तासाभराने पाहिला तेव्हाही कोराच होता. खाली उजव्या कोपऱ्यात सही तेवढी केलेली होती, ज्वारीच्या दाण्यात मावेल इतक्या बारीक अक्षरात : क. कि. ढगे.

बाकीची मुलं निघाली. बाहेरून शालिग्रामची हाक आली, “ए कचऱ्या, चाल ना बे!”

“तू थांब,” अर्जुन म्हणाला. कचरू थांबला. “मी कोण, असं त्यांनी विचारलंय. आणि तू पहिल्या शब्दालाच टिंब देऊन मोकळा झालास.”

कचरू बाकावरची वाळलेली शाई नखाने खरवडत राहिला.

“काय झालं?”

“नागपूरले हसतीन, सर.”

“कशाला?”

“इथले हसतात थे कशाले हसतात?”

ही अडचण अर्जुनच्या ध्यानातच आली नव्हती, आणि ध्यानात आल्यावर तिच्यावरचा उपायही त्याला लगेच दिसला. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या गावी, जळगावच्या तहसिलीत जाऊन एक छापील फॉर्म घेऊन आला. फॉर्म जुन्या छपाईचा होता. वर ‘मुंबई राज्य’ असं होतं आणि त्याच्यावर रबरी शिक्क्याने तिरकं ‘महाराष्ट्र’ उमटवलेलं होतं.

“राजपत्रात नाव बदलून मिळतं,” त्याने कचरूला समजावलं. “दोन-तीन महिने लागतील. तोवर अर्जात ‘नावबदलाची कारवाई चालू आहे’ असं लिहू. मी एक नावही शोधून ठेवलंय. कमलाकर. म्हणजे बघ, सहीसुद्धा बदलावी लागत नाही. क. कि. ढगे.”

कचरूने फॉर्म वर-खाली पाहिला. कमलाकर किसनराव ढगे असं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

“पालकाची सही लागते. आईचा अंगठाही चालेल.”

“मायले इचारतो,” तो म्हणाला, आणि फॉर्म चार घड्या करून त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी अर्जुन खुशीत होता. गणितात एखादं पद दोन्ही बाजूंनी छेदून जावं, तसं त्याला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं यायच्या आधीच दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिच्या मागे, जरा अंतर राखून, कचरू होता. बाईने वहाणा बाहेर काढल्या, पण उंबरठा ओलांडला नाही. हातात तो चार घड्यांचा फॉर्म होता.

“तुमीच इंगळे सर?”

“हो. आत या ना, मावशी.”

“मी तानाबाई. कचरूची माय.” ती आत न येता उंबरठ्यावरच बसली. फॉर्म तिने मांडीवर उलगडला आणि तळहाताने त्याच्या घड्या सपाट केल्या. “हा कागद तुमी देला?”

“हो. अंगठा झाला का?”

“नाही केला. कमलाकर कोन हाये?”

“नाव आहे, मावशी. चांगलं नाव आहे. अर्थही—”

“चांगलं हाये म्हनूनच नाही चालत.”

अर्जुन खुर्चीवरून उठून टेबलाच्या अलीकडे आला. त्याला कोणी असं उत्तर आजवर दिलं नव्हतं.

“याच्या आंधी चार झाले मले,” तानाबाई म्हणाली. बाजारात कोणाला वाट सांगावी तसा तिचा आवाज होता. “माणिक, पन्नालाल, मोती, हिरा. हिरा पोरगी व्हती. नावं पहिलेच ठरवून ठेवाची मले लई हौस. एकाचंबी बारसं नाही झालं. सातव्या, नाही तं आठव्या दिवशी लेकरू तोंड मिटून घे. दूध आत जायेच नाही. मंग अंग ताठ होये, धनुष्यावानी.”

अर्जुनने हाताशी होता त्या कागदावर ‘आठव्या दिवशी’ असं लिहिलं. मग आपण हे लिहिलं याची त्यालाच लाज वाटली आणि त्याने त्या शब्दांवर हात ठेवला.

“मंग सासू म्हने, तुह्ये लेकरं नजरेत भरतात. आता काही तयारीच नाही कराची. ना झबलं, ना दुपटं, ना नाव. ह्या घराले लेकरू पाह्यजे हाये, हे दिसलंच नाही पाह्यजे कोनाले. बाळंतपणाचं म्हनून जे काही ठेवलेलं व्हतं, सारं उचललं अन् उकिरड्यावर फेकून देलं. हा झाला तं याले सुपात घालून तिथंच नेऊन ठेवलं. शेजारच्या रुखमाबाईनं उचलला. मूठभर ज्वारी देऊन मी इकत घेतला तिच्यापासून. कचऱ्यातला, म्हनून कचरू.”

कचरू खिडकीबाहेर पाहत होता. ही गोष्ट त्याने पुष्कळदा ऐकली असावी, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

अर्जुनला खरं तर एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कोणतीही गोष्ट ऐकली की तिच्यातलं साहित्य काय होतं, हे विचारल्याशिवाय त्याला राहवत नसे.

“उकिरड्यावर काय काय फेकलं होतं, मावशी?”

“काय राह्यते? जुनी फडकी. दोरा. इळा.”

“विळा?”

“बाळंतपणाचा इळा. सासूच्या सासूपासूनचा. आढ्याले खोसलेला राहे. नाळ कापाले.”

“चौघांच्याही वेळी तोच?”

“तोच. दुसऱ्या कशाले हात नाही लावू देत.”

“मग कचरूची नाळ कशाने कापली?”

तानाबाई एकदम हसली. “तेच तं! ऐन टायमाले इळा कुठी हाये? सासूची अशी धांदल! रुखमाबाईचा मालक गुलाबराव लढाईवरून आलता, त्याच्यापाशी दाढीचे पाते व्हते. कागदातलं नवं कोरं पातं रुखमाबाईनं पळत जाऊन आनलं.”

भांड्यातलं पाणी संपत आलं होतं. तळाशी मिठाने तडतड सुरू केली. अर्जुनने वात खाली केली, आणि मान वर केली तेव्हा कचरू खिडकी सोडून त्याच्याकडेच पाहत होता. दिवाळीनंतर आरोग्यशास्त्राचा तास अर्जुननेच घेतला होता. धनुर्वात : गंजलेली हत्यारं, शेणमाती, उघडी जखम. जांभळ्या शाईत अधोरेखित केलेलं ते पान कचरूच्या वहीत होतं. त्या प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

अर्जुनच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. ते अगदी बरोबर होतं. उंबरठ्यावरच्या बाईच्या मांडीवर दोन्ही तळहात उघडे पडलेले होते. त्याने ते वाक्य गिळलं, पुढे होऊन तिच्याकडून फॉर्म घेतला आणि टेबलाच्या खणात टाकला.

“राहू द्या, मावशी. नाव आहे तेच बरं.”

“तेच सांगाले आली मी,” तानाबाई उठली. “पोराचं काम नाही ना अडत त्याच्यानं?”

“नाही अडत.”

ती फाटकाबाहेर गेली तसा कचरू टेबलापाशी आला.

“सर, इळा...”

“बहुतेक. मी तिथे नव्हतो. पण निरीक्षणं तेच सांगतात.”

कचरू बाकावर बसला. त्याने दौत उघडली, परत बंद केली. “मायले सांगायचं नाही,” तो म्हणाला. त्या वाक्यात ‘सर’ नव्हतं.

“नाही सांगायचं.”

“अन् निवेदनात?”

“ते तू ठरव. तुझं निवेदन आहे.”

त्याने दोन दिवस घेतले. शनिवारी दुपारी तीन पानं अर्जुनच्या टेबलावर आली. अर्जुन लाल पेन्सिल हातात घेऊन वाचायला बसला आणि पहिल्या पानाच्या शेवटी ती त्याने खाली ठेवली. ‘माझे नाव कचरू आहे,’ अशी सुरुवात होती. मधल्या पानावर चार भावंडांची नावं होती, विळा होता, पातं होतं, आणि त्यांचे दिवस तक्त्यासारखे एकाखाली एक मांडलेले होते. शेवटच्या पानावर लिहिलं होतं :

‘मी जगलो तो माझ्या नावामुळे, असे माझी आई म्हणते. मला वाटते, मी जगलो तो पात्यामुळे. परंतु विळा घराबाहेर गेला तो या नावासाठीच. म्हणून आईचे म्हणणे चूक आहे, असे मला लिहिता येत नाही. आमच्या गावात अजून किती घरांच्या आढ्याला असे विळे आहेत, ते कोणी मोजलेले नाही. मला विज्ञान शिकावयाचे आहे, कारण मला ते मोजावयाचे आहेत आणि खाली उतरवावयाचे आहेत.’

हेडमास्तर शेषराव कशासाठी तरी खोलीत आले होते. त्यांनी अर्जुनच्या खांद्यावरून वाचलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अर्जुनराव, हे निवेदन आहे की मृत्यूचा दाखला? यात विनम्र विनंती कुठे आहे?”

“विनंती आहे, सर. शेवटच्या वाक्यात.”

शेषरावांनी शेवटचं वाक्य परत वाचलं. चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ज्या कामाला आले होते ते विसरून निघून गेले.

सोमवारी चारच्या एस.टी.ने टपालाची थैली शेगावला जायची. तीन वाजताच चौघांचे लिफाफे डिंक लावून तयार होते. कचरूचा राहिला होता, कारण तानाबाई आली होती.

“काय लिवलं थे वाचून दाखव,” ती आज आत येऊन बाकावर बसली होती. “माह्यं नाव हाये म्हन्ते शालिग्राम त्याच्यात.”

शालिग्रामने जीभ चावली. कचरूने अर्जुनकडे पाहिलं. अर्जुनने खिडकीकडे.

कचरू उभा राहून वाचू लागला. वर्गात कविता म्हणावी तसा त्याचा आवाज सरळ होता. पहिलं पान संपलं. अर्जुनला ठाऊक होतं की आता माणिकचं नाव येणार. ते आलं नाही. कचरूने दोन पानं एकदम उलटली आणि तिसऱ्या पानावर आला. तिथेही पात्याचं वाक्य गाळून त्याने वाचलं, “मी जगलो तो माझ्या नावामुळे, असे माझी आई म्हणते.” मग विळे सोडून, मोजणं सोडून, त्याने दोन ओळी जुळवून घेतल्या आणि थांबला.

“एवढंच?” तानाबाईने विचारलं.

“हाव.”

“कागद तीन हायेत. तू दोन वाचले.”

कचरूने तिन्ही पानं एकावर एक दाबून धरली.

“मले अक्षर नाही येत. मोजता येते,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “इळ्याचं हाये ना मधल्या कागदात?”

अर्जुन पुढे आला. “मावशी, तुम्हाला...”

“याच्या पाठीवर बेबी झाली. तवा सासूनं दुसरा इळा आनून ठेवलता. मी म्हनलं, नाही, पातंच पाह्यजे. चार इळ्यानं झाले, चारी गेले. हा पात्यानं झाला, राह्यला. मंग बेबीबी पात्यानं, तेबी राह्यली. हे समजाले शाळा लागते का, सर?”

वर्षभर तोललेल्या मिठाच्या पुड्या अर्जुनच्या मागच्या फळीवर ओळीने लावलेल्या होत्या.

“मग तुम्ही कोणाला बोलल्या नाहीत?”

“सासूले कसं बोलू? तिनं तिच्या हातानं कापलेल्या त्या नाळा. जिती व्हती तवरी ती चार लेकरांच्या नावानं रडे. म्हनलं, राहू दे.” तिने पदराने मानेवरचा घाम टिपला. “ती गेली मंग आमच्या गल्लीत कोनाचे दिवस भरले का मी एक पातं नेऊन देतो. देवापुढं ठेवलेलं हाये, हेच वापरजा, असं सांगतो. तसं नाही सांगतलं तं बाया घेत नाहीत.”

कचरू आईकडे पाहत राहिला होता. आपण तिच्यापासून जे लपवून आणलं, तेच तिने दुसऱ्या कोणापासून इतकी वर्षं लपवलं होतं, हे त्याला कळत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

“मग एक विचारू?” अर्जुन म्हणाला. “पात्याने वाचला हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी नाव का बदलू दिलं नाही?”

तानाबाईने त्याच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

“पातं आपल्या हातात हाये, सर. बाकीचं कुठी हाये? अन् नागपूर तं लईच दूर हाये.” मग ती कचरूकडे वळली. “वाच आता. मधला वाच. अन् थे गाळलेलंबी.”

त्याने वाचलं. चार नावं आली तेव्हा तिचे ओठ हलले.

“थांब. मोती दुसरा नाही, तिसरा. दुसरा पन्नालाल. सुधरव.”

“खाडाखोड चालत नाही, काकू,” पुष्पा म्हणाली.

“मंग दुसऱ्या कागदावर लिही. त्यायचा नंबर कायले चुकवाचा?”

साडेतीन वाजले होते. अर्जुनने खणातून कोरा कागद काढून दिला. कचरूने पान पुन्हा लिहायला घेतलं. शालिग्रामने न सांगता दौत धरून ठेवली, पुष्पा मागे टीपकागद घेऊन उभी राहिली. ओळीमागून ओळ सरळ उतरत गेली. पान संपलं तेव्हा त्यावर एकही डाग नव्हता, आणि मोती तिसरा होता. कचरूने तिन्ही पानं नीट लावून आईपुढे धरली.

तानाबाईने ती हातात घेतली नाहीत. नुसती पाहिली, वरपासून खालपर्यंत, जशी ती दारातली रांगोळी असावी.

“किती सुंदर लिवलं माह्या लेकरानं,” ती म्हणाली.

आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. डोळे मोठे झाले. हे वाक्य सतरा वर्षांत तिच्या तोंडून गेलेलं नसावं. तिने इकडे तिकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला ते काचेचं भांडं उपडं ठेवलेलं होतं. तिने त्याच्या काळ्या बुडावरून बोट फिरवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात टेकवलं.

“काकू!” पुष्पा ओरडली. “डाग! सर, डाग पडला! आता घेत नाहीत!”

कचरूने अर्जुनकडे पाहिलं. खणात अजून एक कोरा कागद होता. एस.टी. सुटायला अठरा मिनिटं होती, टपाल कचेरी चार मिनिटांवर, आणि कचरूचा हात जलद चालत होता. हे सगळं अर्जुनच्या मनात आपोआप मांडलं गेलं. तानाबाई अंग चोरून उभी होती, काळं बोट मुठीत लपवून.

अर्जुनने पान उजेडाकडे धरलं. कोपऱ्यातली तीट गोल होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. एकाही अक्षराला तिचा धक्का लागलेला नव्हता. त्याने तिच्यावर हळूच फुंकर मारून सुटी काजळी उडवली.

“पुष्पा, तो नियम परत वाच. नीट वाच. कशाचे डाग म्हटलंय?”

पुष्पाने माहितीपत्रकावर बोट ठेवलं. “शाईचे.”

“मग?”

शालिग्राम आधी हसला. मग पुष्पाही.

अर्जुनने तिन्ही पानांची घडी घातली, लिफाफ्यात सरकवली आणि लिफाफा डिंकाच्या बाटलीसकट कचरूपुढे ठेवला. “पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय. चल, उशीर होतोय.”

कचरूने लिफाफा चिकटवला, टाक दौतीत बुडवून कडेला निथळवला. डाव्या कोपऱ्यात त्याने ‘क’ काढला, मोठा, आणि त्याच्यापुढे टिंब न देता तो पुढे लिहीत गेला.